वाचक विचारतात : जांभ्याची भिंत आणि पुस्तकांची बुरशी

प्रश्न : आमच्या गावचं वाचनालय जांभ्याचं, मंगलोरी कौलांचं आहे. काही वर्षांपूर्वी भिंतींना आतून-बाहेरून सिमेंटचा गिलावा करून ऑइलपेंट दिला. आता दर पावसाळ्यात कमरेच्या उंचीपर्यंत पोपडे सुटतात, पांढरी भुकटी येते, कपाटातल्या पुस्तकांना बुरशी धरते. वॉटरप्रूफिंग करून घ्यावं का?
– ग्रंथपाल, देवगड तालुका

उत्तर : अजिबात नको. जांभा सच्छिद्र असतो. पावसात पाणी पितो, उघडीप मिळाली की सोडतो. चुन्याचा गिलावा ही वाट मोकळी ठेवतो, सिमेंट आणि ऑइलपेंट ती बंद करतात. मग जोत्यातून चढलेली ओल भिंतीतच कोंडते. पांढरी भुकटी म्हणजे ओलीबरोबर वर आलेले क्षार. ती कोरड्या ब्रशने झाडा. पाण्याने धुतलीत तर क्षार विरघळून पुन्हा दगडात जातात.

काम पाऊस सरल्यावर काढा, आणि गवंड्याला बोलावण्याआधी पाण्याचा बंदोबस्त करा. फुटकी कौलं बदला. पागोळ्या जोत्यावर पडत असतील तर पन्हळ लावून पाणी लांब न्या. अंगणातला कोबा भिंतीला भिडवलेला असतो, बहुतेक ठिकाणी खरं दुखणं तिथेच असतं. तो फूटभर रुंदीत तोडून चर काढा, खडी भरा.

मग ओलीच्या रेषेच्या वर दोन फुटांपर्यंत गिलावा छिन्नीने, हलक्या हाताने उतरवा. ब्रेकर लावू नका. उघड्यावर टणक झालेला जांभ्याचा पृष्ठभाग उडतो आणि आतला मऊ दगड झिजू लागतो. सांधे २० मिमी खोल कोरून १ भाग चुना, ३ भाग धुतलेली गोडी वाळू या मिश्रणाने भरा. खाडीची रेती घेतलीत तर क्षार तुम्हीच भिंतीत घालाल. गिलाव्याचा थर १० ते १२ मिमी ठेवा, आठवडाभर ओल्या गोणपाटाखाली राहू द्या. वर फक्त चुन्याची सफेदी.

कपाटं भिंतीपासून चार ते सहा इंच पुढे ओढा. खोलीतली आर्द्रता ६५ टक्क्यांवर टिकली की बुरशी वाढते; आर्द्रता मोजणारा साधा हायग्रोमीटर भिंतीवर असावाच. बुरशीची पुस्तकं वेगळी काढून पडवीत सावलीत वाळवा, मास्क लावून मऊ ब्रशने झाडा. कडक उन्हात पानं वाकतात, शाई फिकटते.

प्रश्न : कोकणातली जुनी वाचनालयं कोणती? पुरात भिजलेली पुस्तकं वाचवता येतात का?
– वाचक, चिपळूण

उत्तर : रत्नागिरीचं जिल्हा नगर वाचनालय १८२८चं. तुमच्या गावचं लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर १८६४चं. २००५ आणि २०२१ या दोन्ही पुरांचा फटका त्याला बसला. भिजलेल्या पुस्तकाला साधारण ४८ तासांत बुरशी धरू लागते. तेवढ्यात सगळी वाळवणं जमणार नसेल, तर दुर्मीळ पुस्तकं न उघडता प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून उणे १८ अंशांच्या शीतगृहात ठेवा आणि पुढे थोडी थोडी काढून वाळवा. कोकणात मासळीची शीतगृहं जवळपास असतात. त्यांच्याशी पावसाळ्याआधीच बोलून ठेवा.