साल्मोनेला कमी दिसला, पण नेमका का?

प्रिय विद्यार्थिनीस,

तुझा आलेख पाहिला. हेला पेशींना (प्रयोगशाळेत वाढवलेल्या मानवी पेशी) १० मिलिमोलर मिथाइल-बीटा-सायक्लोडेक्स्ट्रिन, म्हणजे पेशीपटलातलं कोलेस्टेरॉल ओढून काढणारं संयुग, तासभर दिलं, मग साल्मोनेला हा जिवाणू सोडला आणि प्लेटवरच्या वसाहती घटल्या. एवढ्यावर ‘आत शिरायला कोलेस्टेरॉल लागतं’ असं लिहू नकोस. वसाहती घटायला बऱ्याच वाटा आहेत, प्रवेश अडणं ही त्यातली एक.

सगळ्यात फसवी वाट जेंटामायसिन या प्रतिजैविकाची. संसर्गानंतर ते देऊन वाचलेले जिवाणू मोजायची ही सगळी पद्धत एकाच गोष्टीवर उभी आहे: हे औषध धड पेशीपटल सहसा ओलांडत नाही, म्हणून बाहेरचे जिवाणू मरतात आणि आतले वाचतात. कोलेस्टेरॉल ओढून काढलं की पटल गळू लागू शकतं. मग औषध आत झिरपून आधीच शिरलेल्या जिवाणूंनाही मारतं आणि तुला वाटतं प्रवेशच झाला नाही. यावर उपाय म्हणजे क्रम उलटा करणं. आधी साध्या पेशींना अर्धा तास संसर्ग होऊ दे, बाहेरचे जिवाणू १०० मायक्रोग्रॅम प्रति मिलि जेंटामायसिनने मार आणि मग औषध ठेवूनच सायक्लोडेक्स्ट्रिन दे. इथेही आकडा पडला, तर त्याचा प्रवेशाशी संबंध नाही.

दुसरी वाट साधी, पण नेहमी राहून जाते. या पेशी धुताना तळापासून सुटतात. शेजारच्या वेलमधल्या (प्लेटच्या खळग्यातल्या) पेशी मोजून ठेव आणि वसाहती वेलमागे नाही, पेशीमागे मांड. ट्रायपॅन ब्लू (मेलेल्या पेशी रंगवणारा रंग) आणि एलडीएच (पटल गळतं का ते दाखवणारी चाचणी) दोन्ही कर.

मात्रेबद्दल. १० मिलिमोलर म्हणजे मिलिलिटरला साधारण १३ मिग्रॅ. पण बाटलीवरचं सरासरी रेणुवस्तुमान बघूनच वजन कर, मिथाइल गटांचं प्रमाण उत्पादनागणिक बदलतं. २.५, ५ आणि १० अशी मालिका लाव, ३७ अंशांवर ३० मिनिटं. माध्यमात सीरम नको, संसर्गाच्या वेळीही नको. सीरममधली लिपोप्रोटीन्स पेशींना कोलेस्टेरॉल परत पुरवतात.

किती निघालं ते मोजल्याशिवाय पुढे जाऊ नकोस. फिलिपिनसाठी (कोलेस्टेरॉलला चिकटून चमकणारा रंग) पेशी पॅराफॉर्मल्डिहाइडने स्थिर कर. मिथेनॉल किंवा ट्रायटन हे डिटर्जंट वापरलंस तर लिपिडच वाहून जाईल. फिलिपिन अतिनील प्रकाशात बघता बघता विझतं, म्हणून फोकस शेजारच्या भागावर जुळव. आकड्यासाठी मात्र कोलेस्टेरॉल ऑक्सिडेजची चाचणी कर आणि तो प्रथिनांच्या प्रमाणात मांड.

कंट्रोल दोन हवेत: अल्फा-सायक्लोडेक्स्ट्रिन, ज्याच्या लहान कड्यात कोलेस्टेरॉल नीट बसत नाही, आणि कोलेस्टेरॉल भरलेलं मिथाइल-बीटा, ज्याने काढलेलं परत देता येतं. परत दिल्यावर प्रवेश पूर्ववत झाला, तरच दाव्यात जीव आहे. तरीही सावध राहा. कोलेस्टेरॉल काढल्याने पटलातल्या पीआयपी२ या लिपिडची आणि त्याखालच्या अ‍ॅक्टिनचीही, म्हणजे पेशीला आकार देणाऱ्या प्रथिनतंतूंचीही, घडी विस्कटते, आणि साल्मोनेला तर अ‍ॅक्टिनच्या लाटांवरच आत जातो. स्टॅटिन (कोलेस्टेरॉल बनणंच रोखणारं औषध) वापरलंस तर थोडं मेव्हॅलोनेट (त्याने अडवलेल्या वाटेवरचा पदार्थ) घाल, नाहीतर ऱ्हो जातीच्या, अ‍ॅक्टिनची हालचाल चालवणाऱ्या प्रथिनांची लिपिड-शेपटी अडेल आणि तुला पुन्हा अ‍ॅक्टिनचाच परिणाम दिसेल.

ही शंका हवेतली नाही. साल्मोनेलाचं सिपबी प्रथिन कोलेस्टेरॉलला चिकटतं, हे २००५मध्ये दाखवलं गेलं. पण २०१३मध्ये डीएचसीआर२४ हे विकर नसलेल्या, म्हणजे कोलेस्टेरॉलऐवजी डेस्मोस्टेरॉल (त्याच्या अलीकडचा पूर्वपदार्थ) बनवणाऱ्या पेशी वापरल्या, तेव्हा साल्मोनेला आणि क्लॅमिडिया हे जिवाणू त्यांत व्यवस्थित शिरले. अडला तो कॉक्सिएला हा तिसरा जिवाणू. म्हणून तुझ्या निकालात ‘कोलेस्टेरॉल’ आणि ‘सायक्लोडेक्स्ट्रिन’ हे शब्द एकमेकांच्या जागी वापरू नकोस.

आधी उलट क्रमाचा प्रयोग लाव. त्यात आकडा पडला नाही, तर १५ मिनिटांवर पेशी स्थिर करून दोन रंगांत बघ: पटलाला भोकं पाडण्याआधी बाहेरच्या जिवाणूंना एक रंग, नंतर सगळ्यांना दुसरा. चिकटलेले किती आणि शिरलेले किती, ते वेगळं कळेल. प्रत्येक कव्हरस्लिपवर निदान १०० पेशी मोज, आणि कुठली स्लिप कशाची हे मोजणाऱ्याला सांगू नकोस.