पॅच मारणे, कॅनरीवर टाकणे

बेळगावातल्या वडगावहून एका वाचकांनी विचारलंय: "मुलगी पुण्याच्या कंपनीचं काम घरातूनच करते. परवा फोनवर म्हणत होती, 'आत्ता कॅनरीवर टाकलंय, काही झालं तर रोलबॅक, नाहीतर रात्री पॅच मारू.' माझा जन्म मागावर गेला. हे कसले शब्द, आणि यांना मराठी आहे का?"

पॅच तुमच्या ओळखीचाच आहे. पंक्चरवाला ट्यूब पाण्याच्या टबात बुडवतो, बुडबुडे येतात ती जागा घासतो, सोल्यूशन लावतो आणि पॅच 'मारतो'. हे 'मारणे' आपलं; फोन मारणे, चक्कर मारणे यांच्या पंगतीतलं. सॉफ्टवेअरमधला पॅच, म्हणजे चूक दुरुस्त करणारा छोटा बदल, हाही आधी खराखुरा तुकडाच होता. पूर्वी यंत्राला सूचना कागदी फितीवर भोकं पाडून देत. चुकीचं भोक पडलं की त्यावर कागद चिकटवायचा. 1944 सालच्या हार्वर्ड मार्क वन यंत्राच्या फितीवर अशी ठिगळं होती. आपले कन्नड शेजारी ठिगळाला 'तेपे' म्हणतात. मग मुलगी 'ठिगळ लावते' का म्हणत नाही? ठिगळात गरिबी दिसते, आणि आभाळ फाटल्यावर तर ते पुरतही नाही. पॅच मात्र इभ्रतीचा. तो वेळेवर मारला नाही तर उलट बोलणी बसतात. (रात्री दोन वाजता घाईत मारलेला पॅच बहुतेक वेळा ठिगळच असतो, हे माझं खासगी मत.)

कॅनरी हा पिवळा, गाणारा पक्षी. कोळशाच्या खाणीत कार्बन मोनॉक्साइड साचला तर माणसाला वास येत नाही, पण एवढ्याशा पाखराला तो आधी बाधतो. ते पिंजऱ्यात कोसळलं की खाणकामगार बाहेर पळत. ही युक्ती जॉन स्कॉट हाल्डेन या शास्त्रज्ञाने सुचवली. ब्रिटनच्या खाणींत ती 1986 पर्यंत चालली. सॉफ्टवेअरमध्ये नवा बदल सगळ्यांना देण्याआधी शंभरातल्या दोन-पाच जणांना देतात आणि बघत बसतात. ते दोन-पाच जण म्हणजे कॅनरी. त्यांना बहुधा याचा पत्ताही नसतो! 'शितावरून भाताची परीक्षा' जवळची वाटते, पण शिताला काही होत नाही. इथे त्रास झाला तर तो त्या पाच जणांनाच आधी. म्हणून कॅनरी तशीच राहू द्यावी. कोळशाच्या खाणी आपल्या विदर्भातही आहेत, पण हा पक्षी इथला नाही, तर तिला मराठी नाव कुठून येणार?

रोलबॅक म्हणजे 'मागे घेणे'. पण मागावरचं मागे घेणं निराळं. धागा तुटून फट पडली की तुम्ही माग थांबवून विणलेलं काढत मागे येता. मुलगी तसं उसवत बसत नाही. जुनी आवृत्ती शाबूत ठेवलेली असते, तीच पुन्हा चढवते. कालचा बीम (ताण्याचा रूळ) परत चढवावा तशी.

'टाकलंय'बद्दल मात्र तुम्ही विचारलं नाहीत. नवा बदल वापरात आणण्याला साहेबी शब्द 'डिप्लॉय', मूळ फ्रेंच, अर्थ घडी उलगडणे. साडीवाल्याला शोभेल असा. तुमच्या मुलीने तो सोडून 'टाकणे' घेतलं आणि तुम्हाला ते खटकलंही नाही. आणि काम एकदाचं उरकलं की ती काय म्हणते ते ऐका: "टाकून टाकलं."