पोकेमॉन गेम्समध्ये सहज नजरेतून सुटणारी, पण चाहत्यांना फार आवडणारी एखादी बारीक गोष्ट कोणती?

व्हर्मिलियन सिटीतला रिकामा प्लॉट, माझं तरी हेच उत्तर. १९९६ मध्ये जपानात आलेल्या पहिल्या गेममध्ये या बंदराच्या गावात एक म्हातारबाबा भेटतात. इथे इमारत उभी करायची आहे, म्हणून त्यांचा माचॉप नावाचा पोकेमॉन गुरगुरत, पाय आपटत जमीन सपाट करत असतो. १९९९ च्या गोल्ड-सिल्व्हर या पुढच्या गेमचं कथानक तीन वर्षांनंतरचं आहे. त्यात पुन्हा त्याच गावात जा: बाबा तिथेच, माचॉप तिथेच, जमीन चोपणं चालूच, आणि इमारतीचा पत्ता नाही. विचारलं की बाबा सांगतात, काम सुरू करायला पैसेच नाहीत! दोन्ही गेम पाठोपाठ खेळलात तरच हा धागा जुळतो. या दोघांशी बोलल्याशिवाय गेम सहज पूर्ण होतो, तरी बनवणाऱ्यांनी तीन वर्षांनी त्यांची आठवण ठेवली, हेच मला फार भावतं.

पोकेमॉनच्या नावांतल्या गमतीही आहेत:
- आर्टिकुनो, झॅपडॉस, मॉल्ट्रेस हे तीन पक्षी: नावांच्या शेवटी उनो, दोस, त्रेस, म्हणजे स्पॅनिशमधले एक, दोन, तीन.
- एकन्स: इंग्रजी स्पेलिंग उलटं वाचलं की ‘स्नेक’, साप.

फक्त एक लक्षात घ्या, नावांची ही गंमत इंग्रजी आवृत्तीतली आहे. जपानीत एकन्सला ‘आर्बो’ म्हणतात आणि त्या तीन पक्ष्यांची नावंही वेगळी आहेत. माचॉपच्या प्लॉटला मात्र भाषेची अडचण नाही.