सेसनाच्या पुढच्या चाकाचा ढिलेपणा नेमका कुठे आहे, हे कसं शोधायचं?

तुम्ही विचारलंय की उतरल्यावर वेग कमी होताना सेसना १७२ या छोट्या विमानाचं पुढचं चाक थडथडतं, शिमी डॅम्पर (ही थडथड दाबणारा भाग) बदलला तरी चार दिवसांत पुन्हा तेच. आता काय बघायचं?

सांधे बघा. मी कराडला विमानांच्या देखभालीचं काम करतो, आणि हाच घोळ आमच्याकडेही झालाय. नवा डॅम्पर घातला, दोन दिवस बरं वाटलं, मग पुन्हा थडथड. गेले होते टॉर्क लिंकचे बुश, म्हणजे सांध्यातल्या झिजणाऱ्या छोट्या नळ्या. पुढच्या चाकामागे कात्रीसारख्या दोन पट्ट्या असतात त्या या लिंक. चाकाचं वळणं त्यांच्यामार्फतच डॅम्परपर्यंत पोचतं. तिथेच प्ले, म्हणजे ढिलेपणा, असेल तर चाक परस्पर हलतं, डॅम्परला पत्ताच लागत नाही.

आपल्याकडे उसाच्या ट्रॉलीचं चाक जॅकवर घेऊन हलवून बघतात, रीत तीच. फक्त इथे डोक्याशी प्रोपेलरचा पंखा असतो. म्हणून मॅग्नेटो (इंजिनाला ठिणगी देणारा भाग) बंद, किल्ली स्वतःच्या खिशात, मेन व्हीलला चोक (अडसर), आणि पंख्याच्या फेऱ्यात कुणी उभं राहायचं नाही. नाक उचलायला शेपटीकडून दाब द्या, पण शेपटीच्या आडव्या पंखावर नको. त्याच्या लगेच पुढे, बॉडीला आतून बल्कहेड, म्हणजे मजबुतीची आडवी चौकट आहे तिथे.

चाक अधांतरी झालं की आधी वर-खाली धरून हलवा. खटका लागला तर व्हील बेअरिंग किंवा अ‍ॅक्सलचा नट. मग दोन्ही बाजूंनी धरून डावी-उजवीकडे वळवा. स्ट्रट (चाकाचा धक्के झेलणारा दांडा) पूर्ण लांबला की चाक सरळ अडकतं, त्याला स्टिअरिंग जाम समजू नका. उलट त्यामुळेच प्ले चटकन सापडतो. चाक दुसऱ्याला हलवू द्या आणि तुम्ही बोट दोन्ही लिंकच्या सांध्यावर आडवं टेकवा, अर्धं एकीवर, अर्धं दुसरीवर. डोळ्यांना काही दिसायच्या आत बोटाला बारीक टकटक लागते. असंच प्रत्येक बोल्टवर करा, डॅम्परच्या दोन्ही टोकांनाही.

टायरची हवा आणि बॅलन्सही बघून घ्या. बुश, शिम (फट भरायच्या पातळ चकत्या) बदलणं मात्र डीजीसीएचं, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचं, लायसन्स असलेल्या इंजिनिअरचंच काम, मॅन्युअलमधल्या मर्यादेप्रमाणे.

तोवर विमान उडवू नका. एरवी कधी धावपट्टीवर थडथड सुरू झालीच तर कंट्रोल मागे ओढून नाकावरचा भार काढा. आणि उतरल्यावर टेक लॉगमध्ये, म्हणजे विमानाच्या नोंदवहीत, लिहा, नुसतं तोंडी सांगू नका.