वर्षभराच्या अंतराळवासातील संशोधनासाठी अनेक देश एकत्र यावे लागण्याचे कारण काय?

आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावरील दीर्घकालीन संशोधन एखाद्या श्रीमंत देशाला एकट्याने का जमू नये आणि पंधरा देशांचा हा खटाटोप केवळ खर्च वाटून घेण्यासाठी आहे का, असे आपण विचारले आहे. मी शरीरक्रियाशास्त्र शिकवतो, म्हणून मानवी शरीरावरील प्रयोगांपुरतेच लिहितो. खर्चाचे कारण खरे आहेच; परंतु माझ्या मते त्याहून मोठी अडचण माणसांच्या संख्येची आहे.

एखादे औषध तपासायचे झाल्यास पृथ्वीवर शेकडो रुग्ण मिळतात. वजनरहित अवस्थेत सलग तीनशेहून अधिक दिवस राहिलेली माणसे मात्र मोजकीच आहेत. पेशाने डॉक्टर असलेले रशियाचे व्हालेरी पोल्याकोव्ह १९९४-९५ मध्ये मीर स्थानकावर सलग ४३७ दिवस राहिले आणि तो विक्रम अजून कायम आहे. अमेरिकेच्या गाठीशी तेव्हा स्कायलॅब या स्वतःच्या जुन्या स्थानकावरील ८४ दिवसांचाच अनुभव होता. मार्च १९९५ मध्ये अमेरिकेचे नॉर्मन थॅगर्ड रशियाच्या सोयूझ यानातून मीरवर गेले, त्यामागे राजकारण होते तशी ही निकडही होती.

साधनांचेही तसेच आहे. वजनरहित अवस्थेत रक्त व इतर द्रव डोक्याकडे सरकतात आणि काही अंतराळवीरांची दृष्टी बदलते. याच्या अभ्यासासाठी अमेरिकेचे स्कॉट केली आणि रशियाचे मिखाईल कोर्नियेंको यांच्या २०१५-१६ मधील ३४० दिवसांच्या मुक्कामात जो प्रयोग झाला, त्यात कमरेखाली हवेचा दाब कमी करून रक्त पायांकडे ओढणारा ‘चिबिस’ हा पोशाख रशियाचा होता, तर अल्ट्रासाउंड व डोळे तपासण्याची उपकरणे अमेरिकेची होती. ही उपकरणे स्थानकाच्या रशियन विभागातील झ्वेझ्दा कक्षात नेऊन तपासण्या केल्या गेल्या. दोन्ही बाजूंनी एकच पद्धत स्वीकारली नसती, तर दोघांच्या नोंदी शेजारी ठेवून तुलना करता आली नसती. केली यांची पृथ्वीवर राहिलेल्या त्यांच्या जुळ्या भावाशी केलेली तुलना वृत्तपत्रांत फार गाजली. पण ती एकाच जोडीची गोष्ट आहे, आणि एका जोडीवरून नियम काढता येत नाही, एवढे मी माझ्या विद्यार्थ्यांना आवर्जून सांगतो.

युक्रेनमधील युद्धानंतरही ही देवाणघेवाण थांबली नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये सोयूझमधून गेलेले अमेरिकेचे फ्रँक रुबिओ सहा महिन्यांत परतणार होते. यानातील शीतक द्रव गळाल्यामुळे त्यांना व त्यांच्या दोन रशियन सहकाऱ्यांना ३७१ दिवस राहावे लागले. योजना नसताना तीन माणसांच्या वर्षभराच्या नोंदी हाती आल्या, हेही संशोधनाच्या दृष्टीने थोडे नाही.

चीनचे तियानगाँग स्थानक या व्यवस्थेबाहेर आहे, कारण नासाने चीनशी थेट सहकार्य करण्यावर २०११ पासून अमेरिकी कायद्याचे कडक निर्बंध आहेत. आधीच मोजक्या असलेल्या नोंदींचे त्यामुळे आणखी दोन वाटे झाले आहेत, आणि हा निर्णय मला शास्त्राच्या दृष्टीने तोट्याचा वाटतो.

भारतापुरते सांगायचे, तर शुभांशु शुक्ला २०२५ मध्ये आंतरराष्ट्रीय स्थानकावर सुमारे १८ दिवस राहिले. स्नायूंच्या पेशींवरील किंवा मूग-मेथीच्या अंकुरणाच्या प्रयोगांना तेवढा काळ पुरतो. हाडांची झीज अभ्यासायला कित्येक महिने लागतात. २०३५ पर्यंत भारताचे स्वतःचे स्थानक उभे राहिले, तरी त्यावर राहणारे अंतराळवीर सुरुवातीची अनेक वर्षे बोटांवर मोजण्याइतकेच असतील. म्हणून त्यांच्या तपासण्यांची पद्धत आधीपासूनच इतर देशांशी जुळवून घेतलेली असावी, असे माझे मत आहे.