कशावर पाणी सोडतोस?

चिरंजीव, अनेक आशीर्वाद.

रविवारी तू ते गुळगुळीत ब्रोशर घेऊन आलास, चहा गार केलास आणि निघताना जिन्यातून विचारलंस, "काका, तुम्ही माझ्या जागी असता तर काय केलं असतं?" तेव्हा मी गप्प बसलो. तुझ्या वयाचा असताना मी काय केलं ते तुझ्या आईला ठाऊक आहे. म्हणूनच तिने तुला माझ्याकडे धाडलं असावं, सावध करायला.

आधी हिशेब उरकू. वाघोलीचा टू बीएचके ६५ लाखांना, त्यात ५० लाखांचं कर्ज. साडेआठ टक्क्यांनी २० वर्षांसाठी घेतलंस तर हप्ता ४३,४०० च्या आसपास, आणि पहिल्या हप्त्यातले ३५,४०० नुसते व्याजात जाणार. इमारत अजून बांधली जातेय, म्हणजे ५ टक्के जीएसटी. मुद्रांक शुल्क ७ टक्के, वर नोंदणीचे ३०,००० (आईच्या एकटीच्या नावावर घेतलंस तर मुद्रांकात एक टक्का वाचतो, हे तुला त्या सेल्सवाल्याने सांगितलं का?). सगळं धरून खिशातून २३ लाख काढायचेत. कर्वेनगरचा जुना वन बीएचकेही त्याच भावात. तिथे जीएसटी नाही, पण लिफ्टही नाही, आणि घर तिसऱ्या मजल्यावर. सोसायटीचं कन्व्हेयन्स झालंय का ते विचार. झालं नसेल तर जमीन अजून दुसऱ्याच्याच नावावर असते आणि पुढे रीडेव्हलपमेंटच्या वेळी सगळं तिथेच अडतं.

हे तुला कोणीही सांगेल. तू म्हणालास ते वाक्य मात्र माझ्या डोक्यातून जात नाही. "मला तडजोड नकोय काका, नाहीतर वर्षभर थांबतो."

अरे, थांबणं हीसुद्धा तडजोडच. तिलाही किंमत असते, फक्त तिची पावती मिळत नाही.

म्हणून एकच काम सांगतो. कागद घे आणि प्रत्येक घरापुढे लिही: मी कशावर पाणी सोडतोय? काय मिळतंय ते लिहू नकोस, ते ब्रोशरमध्ये छापलेलं आहे. वाघोली म्हटलंस तर लिही की ऑफिस हिंजवडीत, म्हणजे रोज अख्खं शहर आडवं कापायचं. उन्हाळ्यात टँकर. 'सगळं दहा मिनिटांवर' असं ब्रोशरमध्ये आहे, ती दहा मिनिटं रविवारी पहाटेची असतात. कर्वेनगर म्हटलंस तर आईचे गुडघे लिही. थांबायचं म्हटलंस तर तेही लिही, तारखेसकट.

आता माझं ऐक. आमच्या ऑफिसातल्या लोकांनी मिळून कोथरूडला सोसायटी काढली, तेव्हा आम्ही वाड्यात दोन खोल्यांत राहत होतो. नळ चौकात, संडास मागे, लाकडी जिन्याच्या चौदा पायऱ्या. हिने घर पाहिलं आणि स्वयंपाकघरातला नळ सोडून बघितला, दोनदा. मी मात्र सगळ्यांना सांगत सुटलो की पेठ सोडून त्या रानात कोण जाणार! लोकांना वाटलं माझं तत्त्व आहे. खरं सांगू? मी नाही म्हटलंच नाही. मी पैसे भरायची तारीख जाऊ दिली. कर्जाची भीती वाटत होती आणि ते कबूल करायची लाज. पुढे बारा वर्षं ही त्या चौदा पायऱ्यांवरून पाणी चढवत होती. तेव्हा मी कागदावर 'हिचे गुडघे' असे दोन शब्द लिहिले असते, तर मला ते वाचावे लागले असते. एवढंच.

आणि तरीही सांगतो, मी अगदीच चुकलो असं नाही. माझी आई शेवटपर्यंत तुळशीबागेतल्या रामाला पायी जात होती. कोथरूडहून गेली असती का? मंडई पायाखाली होती, मुलांच्या शाळेला कधी रिक्षा लावावी लागली नाही. वाडा पडला तेव्हा त्याच जागी वन बीएचके मिळाला, तोही लिफ्टसकट. लिफ्ट आली तेव्हा हिचे गुडघे गेलेले होते, ही गोष्ट वेगळी. हिला विचारलंस तर ती दुसरंच काही सांगेल. विचारू नकोस.

तुला 'मनासारखं घर' हवंय. पुण्यात ६५ लाखांत मनासारखं घर मिळालेला माणूस मला भेटव, मी त्याला ओवाळतो. तुझ्या पिढीला पाच-पाच ॲपवर शंभर घरं दिसतात म्हणून प्रत्येक घरात काहीतरी कमी वाटतं. कमी असणारच. त्यातलं काय कमी चालेल हे तू ठरवायचंस, बँकेने नाही, सेल्सवाल्याने नाही आणि मीही नाही. कशावर पाणी सोडतोस ते लिही. तिसऱ्यांदा सांगतोय, कारण तू मान डोलावतोस आणि घरी जाऊन पुन्हा ईएमआय कॅल्क्युलेटर उघडतोस.

आणखी एक. दोन्ही घरं आईला दाखवलीस का? कर्वेनगरला तिला संध्याकाळी ने, हातात भाजीची पिशवी देऊन. वाघोलीला सोमवारी सकाळी ने आणि तिथून तसाच ऑफिसला जा. रजा टाकू नकोस, रजेच्या दिवशी काही कळत नाही.

बुधवारी टोकन भरायचं म्हणालास. मंगळवारी रात्री जेवायलाच ये, ही थालीपीठं लावणार आहे. ब्रोशर घरी ठेव, कागद आण. कोरा असला तरी आण, इथे बसून लिहू.

तुझा,
काका