घरी केलेल्या लाकडी चॉपिंग बोर्डला काय लावावं: तेल, मेण की व्हार्निश?

व्हार्निश नको. बाकीचं नंतर.

वर्ध्याचं जुनं घर पाडलं तेव्हा दादाने सागवानी चौकटीतून फळी काढून बोर्ड केला. काम सुरेख, कडा अशा घासलेल्या की हात फिरवत बसावं. मग हौसेने व्हार्निशचे तीन हात मारले. मी म्हटलं, दादा, ह्यावर सुरी चालणार आहे. तर म्हणे, "तू नको सांगू, तुझ्या बोर्डाचा वास अजून नाकात आहे माझ्या."

हा टोमणा मी प्रत्येक लग्नाकार्यात ऐकते. माझ्या पहिल्या बोर्डाला मी शेंगदाण्याचं तेल चोपडलं होतं. ते वाळतच नाही. आधी चिकट झालं, मग फरसाणाच्या जुन्या डब्यासारखं खवट. पपईच्या फोडींनाही तो वास. चूक माझी, मान्य.

पण दादाच्या बोर्डावर तिसऱ्या महिन्यात वहिनीला चिरलेल्या कांद्यात नखाएवढा पारदर्शक पापुद्रा सापडला. आधी वाटलं कांद्याचाच. वाकवला तर कट्कन मोडला. बोर्ड उजेडात धरला तर सुरीच्या प्रत्येक घावातून पाणी आत गेलेलं, खाली लाकूड काळं. दादाचं म्हणणं, सुरीलाच धार जास्त होती.

मी आता मेडिकलमधून लिक्विड पॅराफिन आणते. बद्धकोष्ठावर देतात तेच, पण साधं, पाण्यासारखं दिसणारं. मिल्क ऑफ मॅग्नेशिया मिसळलेलं पांढरं औषध हातात ठेवतील, ते परत करा. साधं पॅराफिन खवट होत नाही. बोर्ड ओला करून वाळवा, उठलेले रोम 220 च्या पॉलिश पेपरने घासा, मग सढळ हाताने तेल. दोन्ही टोकं जास्त पितात, तिथे कंजुषी नको. रात्रभर ठेवून पुसा. असं तीनचारदा. शेवटी चार भाग पॅराफिन आणि एक भाग मधमाशांचं मेण गरम पाण्यावरच्या भांड्यात वितळवून चोळा. मेण 62-64 अंशांना वितळतं, थेट आचेवर ठेवू नका. नंतर बोर्ड कोरडा दिसला की पुन्हा तेल, साधारण महिन्याने.

जवसाच्या तेलाचं म्हणाल, तर आमच्या विदर्भात ते खातात, त्यामुळे घाण्याचं कच्चं तेल चालेल. अगदी पातळ हात द्या आणि वाळायला आठवडे लागतील हे धरून चला. हार्डवेअरच्या दुकानातलं 'डबल बॉइल्ड' मात्र वेगळं. ते लवकर वाळावं म्हणून त्यात सहसा कोबाल्ट-मँगनीजचे क्षार घालतात. ते दारांना. आणि जवसाची चिंधी चुरगळून फेकू नका, आपोआप तापून पेट घेते, पसरून वाळवा.

खोबरेल उशिरा खवट होतं, पण होतं.

आता न्यायाने बोलायचं तर पूर्ण वाळलेल्या व्हार्निशने विषबाधा वगैरे होत नाही. ट्रेला, फळांच्या परडीला खुशाल मारा. भांडण सुरीशी आहे. आणि सागवानात सिलिका असते, सुरी त्यानेही बोथट होते, म्हणजे दादाची फळीच मुळात चुकली होती.

तो बोर्ड वहिनी आता गरम कुकर टेकवायला वापरते. व्हार्निशवर कुकरच्या बुडाएवढा गोल पांढरा डाग पडलाय. दादा त्यावर काही बोलत नाही.